पहाटे लिंक नाचते: अंबाझरी तलावावरून जाणाऱ्या ९ किलोमीटरच्या लिंकचा बिघाड कसा सापडला

तक्रार एकच, आणि तीन हिवाळे तीच. "सकाळी सात-साडेसातला नेट जातं, नऊच्या सुमारास आपोआप येतं." नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं ऑफिस, तिथलं नेट आमच्या बिनतारी लिंकवरून, म्हणजे दोन डिशमधल्या रेडिओ दुव्यावरून. पहिली पाळी आत शिरायची तेव्हाच हजेरीचं मशीन सर्व्हरला लागत नसे, पुण्याच्या ऑफिसला कॉल लावला की आवाज तुटायचा. दहा वाजता आमचा माणूस पोचेपर्यंत सगळं ठणठणीत. तिथल्या अकाउंट्सच्या ताई एकदा मला फोनवर म्हणाल्या, "तुमचा माणूस समोर असला की चालतं हो भाऊ, तो गेला की काहून बिघडते?" त्यांचा राग रास्त होता. दर डिसेंबरला आम्ही काहीतरी बदलायचो आणि दर फेब्रुवारीच्या शेवटी तक्रार थांबायची. आम्हाला वाटायचं, दुरुस्ती लागू पडली.

अशी लिंक ज्यांच्या गळ्यात आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. पाण्यावरून जाणारी, पाच-दहा किलोमीटरची, ५ गिगाहर्ट्झवरची लिंक असेल तर आकडे थोडे बदलून हेच तुमच्याकडे घडत असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी मांडणी सांगतो. एक टोक धरमपेठेत चार मजली इमारतीच्या गच्चीवर, दुसरं हिंगण्याकडे शेडजवळच्या टॉवरवर. मधलं अंतर ९.४ किलोमीटर. दोन्हीकडे २५ डीबीआयची डिश (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप), प्रत्येक रेडिओला दोन चेन, म्हणजे सिग्नलच्या दोन स्वतंत्र वाटा: एक व्हर्टिकल (उभ्या लहरीची) आणि एक हॉरिझॉन्टल (आडव्या लहरीची). चॅनल ५८०० मेगाहर्ट्झच्या आसपास, रुंदी २० मेगाहर्ट्झ. एवढ्या अंतरावर मोकळ्या हवेतलाच तोटा साधारण १२७ डीबी होतो (डीबी हे पटीचं माप, १० डीबी म्हणजे दहा पट). ईआयआरपी, म्हणजे डिशमधून समोर जाणारी ताकद, ३६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी) धरली तर पलीकडे −६६ च्या आसपास सिग्नल मिळायला हवा आणि दिवसभर तो मिळतच होता. नॉइज −९५. म्हणजे एसएनआर, सिग्नल आणि नॉइजमधलं अंतर, २९ डीबी. ६४-क्वामवर (वेगाची एक पायरी, पुढे सांगतो) दोन्ही स्ट्रीम, म्हणजे प्रत्येक चेनवर वेगळा डेटा, चालवून कागदावर १३० एमबीपीएस. दुपारी स्पीड टेस्ट केली तर कुणालाही लिंक निरोगी वाटेल.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही केबल आणि कनेक्टर बदलले. दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही रेडिओ बदलले. तिसऱ्याला फर्मवेअर बदललं, चॅनल बदलला, डिश पुन्हा अलाइन केली. या सगळ्यात पैसा गेला, पण त्याहून वाईट म्हणजे बिघाडाच्या वेळेला आमच्यापैकी एकही जण गच्चीवर नव्हता.

माझ्यासोबतचा पोरगा शेवटी वैतागून म्हणाला, "भाऊ, एकाच रेटवर लॉक करून टाका ना. वरखाली होतच नाही मग."

हा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. रेडिओ मॉड्युलेशन, म्हणजे लहरीच्या एका चिन्हात किती बिट भरायचे ती पद्धत, बदलतो ते कशासाठी? बीपीएसके एका चिन्हात एक बिट पाठवतं, क्यूपीएसके दोन, १६-क्वाम चार, ६४-क्वाम सहा, २५६-क्वाम आठ. क्वामची प्रत्येक वरची पायरी चढायला साधारण ६ डीबी जास्त एसएनआर लागतो, कारण तेवढ्याच पॉवरमध्ये ठिपके चौपट होतात आणि एकमेकांच्या अंगाला खेटतात. हवा सगळ्या वेळी सारखी असती तर एक पायरी निवडून मोकळं होता आलं असतं. हवा सारखी नसते. सिग्नल अनेक वाटांनी येऊन एकमेकांत मिसळतो तेव्हा काय होतं याचा टोकाचा नमुना म्हणजे रेले फेडिंग. तिथे सरासरीच्या १० डीबी खाली सिग्नल जायची शक्यता जवळपास साडेनऊ टक्के, २० डीबी खाली जायची एक टक्का. स्थिर वाटेवर बीपीएसकेला हजारात एक चूक एवढ्या दर्जासाठी सुमारे ७ डीबी पुरतात. रेले फेडिंगमध्ये त्याच दर्जासाठी सरासरी २४ डीबी लागतात. मधले १७ डीबी म्हणजे त्या एक-दोन टक्के वाईट क्षणांसाठी सदासर्वदा भरायचा दंड. एका रेटवर लॉक करणं म्हणजे हा दंड कायमचा मान्य करणं. खालच्या रेटवर लॉक केलं तर उरलेले बावीस तास वेग वाया, वरच्या रेटवर केलं तर पहाटे लिंक साफ बंद.

अँड्रिया गोल्डस्मिथ आणि सून-घी चुआ यांनी १९९७ मध्ये हिशोब मांडून दाखवलं की वाटेची स्थिती पाहून वेग आणि पॉवर दोन्ही बदलत गेलं तर अजिबात न बदलणाऱ्या पद्धतीच्या तुलनेत २० डीबीपर्यंत फायदा होतो. २० डीबी म्हणजे शंभर पट पॉवर. ती ना डिश बदलून मिळते, ना परवानगीत बसते. म्हणून पोराला मी सांगितलं, लॉक करायचं नाही. रेडिओ खाली येतो आहे म्हणजे तो काम करतो आहे. तो खाली का येतो हे वेगळं शोधू, आणि आल्यावर एका जागी थांबत का नाही हे त्याहून वेगळं. या पोस्टमध्ये सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच. या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे आमचे तीन हिवाळे गेले.

चौथ्या हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, मी पहाटे चारला गच्चीवर जाऊन बसलो. लॅपटॉप पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, दर पाच सेकंदांनी दोन्ही टोकांची नोंद चालू. गार इतकं की टचपॅडला बोट कळेना. डिशच्या कव्हरवर दव जमलेलं, पश्चिमेला अंबाझरीच्या बाजूला धुक्याचा पांढरा पट्टा जमिनीला चिकटलेला, आणि वर आकाश काचेसारखं स्वच्छ. वारा शून्य. खालच्या चौकातला तर्री-पोह्याचा ठेला अजून लागायचा होता.

वहीत उतरवलेले आकडे असे. ४ वाजता व्हर्टिकल −६५, हॉरिझॉन्टल −६५, रेट १३०. ४.५० ला −६९ आणि −७०. ५.१० ला −७६ आणि −८१, रेट ३९ आणि २६ यांच्यात उड्या मारतोय. ५.४० ला परत −६८ आणि −६८. सहा ते सात जवळपास ठीक. ७.३५ ला पुन्हा −७५ आणि −८०. ८.३० पासून हळूहळू वर, ९ ला पुन्हा −६५.

खड्डा एक नव्हता, दोन होते. पहिला पहाटे, जेव्हा ऑफिसात कुणीच नसतं म्हणून त्याची तक्रार कधी आलीच नाही. दुसरा पाळी लागताना. आणि दोन्ही खड्ड्यांत हॉरिझॉन्टल चेन व्हर्टिकलपेक्षा पाचेक डीबी जास्त खाली. नॉइज मात्र पूर्ण वेळ −९५ ला खिळलेला. सिग्नल पडतो आणि नॉइज हलत नाही, म्हणजे शेजारच्या कुणाचा त्रास नाही. दोन चेन वेगवेगळ्या खोलीला जातात, म्हणजे केबल किंवा पॉवरही नाही. राहिली ती हवा आणि पाणी.

घरी येऊन नकाशावर रेघ ओढली. धरमपेठ ते हिंगणा ही रेघ अंबाझरी तलावाच्या बरोब्बर वरून जाते. तलाव भरलेला असताना पाण्यापासून मोजलं तर आमची शहराकडची डिश २० मीटर उंच, पलीकडची ५० मीटर. पाण्यावरून परावर्तन कुठे होणार? दोन्ही उंचींच्या प्रमाणात अंतर वाटायचं: आमच्या टोकापासून पावणेतीन किलोमीटरवर. तिथे तलावच आहे.

आता सरळ आलेली लहर आणि पाण्यावर आपटून आलेली लहर यांच्या वाटेतला फरक काढायचा. दोन्ही उंचींचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. पृथ्वीच्या गोलाईची नेहमीची दुरुस्ती धरून आमच्याकडे हा फरक १९.७ सेंटिमीटर येतो. ५८०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर. म्हणजे फरक ३.८ तरंगलांबींचा. पाण्यावर इतक्या तिरप्या कोनात आपटताना लहर उलटते, म्हणून फरक बरोबर ४ तरंगलांबी झाला की दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. साडेतीन किंवा साडेचार असताना एकमेकींना साथ देतात. आम्ही ३.८ वर बसलो होतो, खड्ड्यापासून हातभर अंतरावर.

पहाटे काय होतं? निरभ्र थंडीच्या रात्री जमीन आणि पाण्यालगतची हवा गार आणि जड होते, वरची तुलनेने उबदार राहते. अशा थरातून जाताना लहर नेहमीपेक्षा जास्त खाली वाकते. हिशोबात याचा अर्थ पृथ्वी जास्त सपाट झाल्यासारखी वाटते, ही सपाटी मोजणारा के-फॅक्टर ४/३ वरून वर चढत जातो. आमच्या वाटेवर याचा परिणाम तलाव सुमारे एक मीटर खाली गेल्याइतका होतो. फरक ३.८ वरून सरकत ४.१ कडे जातो आणि जाताना ४ ओलांडतो. हा पहाटेचा खड्डा. ऊन वर आलं, थर मोडला की तो ४.१ वरून परत ३.८ कडे येतो आणि येताना पुन्हा ४ ओलांडतो. हा पाळीच्या वेळेचा खड्डा. वहीतले दोन्ही खड्डे या एका हिशोबात बसल्यावर मला त्या सकाळी फार समाधान वाटलं.

चेनमधला फरकही यातच बसतो. इतक्या उथळ कोनात पाणी हॉरिझॉन्टल लहर जवळजवळ पूर्ण परत फेकतं, व्हर्टिकल थोडी कमी. म्हणून हॉरिझॉन्टलचा खड्डा खोल. तुमच्या लिंकवर पाण्याचा संशय असेल तर सर्वांत आधी दोन्ही चेनचे आकडे वेगवेगळे पाहा. फुकटात मिळणारा हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

आणि उन्हाळ्यात तक्रार का नसते? कारण मे महिन्यात तलाव उतरलेला असतो. पाणी १.७ मीटर खाली गेलं की वाटेतला फरक अर्ध्या तरंगलांबीने वाढतो, म्हणजे खड्डा संपून शिखर येतं. पावसाळ्यात तलाव भरतो आणि आम्ही पुन्हा खड्ड्याच्या काठावर. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते नागपूरकर विसरलेले नाहीत. पाण्याची पातळी किती हलते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती पातळी आपल्या रेडिओच्या लॉगमध्येही उमटते, एवढंच आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

इथे काही नेहमीचे उपाय वाया का जातात ते सांगतो, कारण आम्ही ते सगळे करून बसलो होतो. डिश थोडी वर उचला, म्हणजे पाण्यावरची लहर पकडणार नाही, असं सांगतात. आमच्या टोकाला सरळ आणि परावर्तित लहरीमधला कोन फक्त ०.६ अंश आहे. डिशचा बीम नऊ-दहा अंशांचा. ती दोघींना सारखंच धरते, उचलली तर दोघींना सारखंच सोडते. चॅनल बदलणं? १०० मेगाहर्ट्झ सरकलं तरी फरक ०.०७ तरंगलांबीचा. ओएफडीएम, म्हणजे चॅनलचे बारीक तुकडे (सबकॅरिअर) करून पाठवायची पद्धत, सांभाळून घेईल? दोन वाटांमधला उशीर ०.७ नॅनोसेकंदाचा आहे, त्यामुळे २० मेगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा एकसाथ बुडतो, कुठलीच सबकॅरिअर कोरडी राहत नाही. वारा सुटला, लाटा उठल्या की परावर्तन मोडेल ही आशाही खोटी. अर्ध्या अंशाहून कमी कोनात आपटणाऱ्या या लहरीला पाण्यावरच्या वीतभर लाटा सपाटच दिसतात. खडबडीत वाटायला पाऊण मीटरहून उंच लाट लागते.

मग मी पहिला उपाय केला तो उंचीचा. आमच्या टोकाला एका खड्ड्यापासून पुढच्या खड्ड्यापर्यंत उभं अंतर ४.९ मीटर, म्हणजे खड्ड्यातून शिखरावर जायला २.४ मीटर पुरे. गच्चीवर जीआय पाइपचा तुकडा जोडून डिश २.४ मीटर वर नेली, तीन बाजूंनी ताण दिले, लाइटनिंग अरेस्टरही वर सरकवला. दुसऱ्या दिवशी पहाटे सिग्नल −६१. जानेवारी-फेब्रुवारी सरळ रेघ. ताईंचा फोन आला नाही.

मे महिन्यात दुसरी तक्रार आली. या वेळी पहाटेचा सीसीटीव्ही बॅकअप अर्ध्यात तुटत होता.

खरं तर कागदावर हे आधीच दिसायला हवं होतं. हिवाळ्यातला ३.८ ते ४.१ चा पट्टा मी ४.३ ते ४.६ वर नेला होता, छान. पण तलाव उतरल्यावर तोच पट्टा ४.९ ते ५.२ वर जातो आणि पहाटे ५ ओलांडतो. वर्षभरात पाणी आणि हवा मिळून हा फरक जवळपास एक पूर्ण तरंगलांबी फिरवतात. म्हणजे एकाच डिशसाठी बारा महिने चालणारी उंची या वाटेवर नाहीच. ज्यांचा तलाव कमी उतरतो त्यांचं एका उंचीवर भागेल. म्हणून पाइप कापण्याआधी वर्षातली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची पातळी दोन्ही धरून हिशोब करा.

कायमचा उपाय मग दोन डिशचा. जुन्या उंचीवर एक, २.४ मीटर वर दुसरी. आमच्या रेडिओला दोन आरएफ पोर्ट आहेत. व्हर्टिकल चेन वरच्या डिशला जोडली, हॉरिझॉन्टल खालच्या. पलीकडच्या टोकाला काहीच बदल नाही. आता एक डिश खड्ड्यात जाते तेव्हा दुसरी शिखरावर असते. रेडिओ दोन स्ट्रीमवरून एका स्ट्रीमवर येतो, १३० चं ६५ होतं, पण ३९-२६-१३ ची घसरगुंडी संपली. खर्च एक डिश, पाइपचा तुकडा आणि दोन चांगले पिगटेल (रेडिओ आणि डिश जोडणाऱ्या छोट्या केबल). पिगटेलवर कंजुषी करू नका, आणि जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळताना खालून वर गुंडाळा, म्हणजे पावसाचं पाणी घडीत शिरत नाही.

आता दुसरा प्रश्न: नाचणं.

खड्डा भरला तरी रेट दोन पायऱ्यांमध्ये उड्या मारत होताच, दिवसासुद्धा. याचं कारण पूर्ण वेगळं. आमचा एसएनआर २९ च्या आसपास, सर्वांत वरच्या पायरीच्या अगदी उंबरठ्यावर. अर्धा डीबी वर गेला की रेडिओ १३० वर चढतो, अर्धा डीबी खाली आला की पॅकेट हुकतात, पुन्हा पाठवावे लागतात, मग तो ११७ वर उतरतो आणि थोड्या वेळात पुन्हा चढून बघतो. १३० आणि ११७ मध्ये फायदा अकरा टक्क्यांचा. तो मिळवताना फुकट गेलेले प्रयत्न त्याहून महाग पडतात. लिनक्सच्या रेडिओंमध्ये चालणाऱ्या, रेट निवडायच्या जुन्या मिन्स्ट्रेल पद्धतीत तर सुमारे दहा टक्के पॅकेट केवळ दुसरे रेट चाचपून बघण्यात जातात. ती चाचपणी हवीच, नाहीतर वाट सुधारल्याचं रेडिओला कळणार कसं? पण जी पायरी टिकणारच नाही तिच्यावर पुन्हा पुन्हा पाय ठेवू देण्यात अर्थ नाही. आम्ही कमाल रेट एक पायरी खाली, ११७ वर बांधला. हे लॉक नव्हे. खालच्या सगळ्या पायऱ्या मोकळ्या आहेत, फक्त डगमगणारी वरची काढून टाकली.

ज्यांच्या रेडिओत चढण्याची आणि उतरण्याची मर्यादा वेगळी ठेवता येते त्यांनी मधे दोन-तीन डीबीचं अंतर ठेवावं. उतरताना लगेच उतरू द्यावं, चढताना आठ-दहा सेकंद थांबवावं. मोबाइल टॉवरमध्येही असाच असमान न्याय असतो: दहा टक्के ब्लॉक (डेटाचे तुकडे) हुकणं मान्य धरलेलं असतं, म्हणून ब्लॉक पोचला की वाटेचा अंदाज ०.१ डीबी वर आणि हुकला की ०.९ डीबी खाली, अशा नऊपट फरकाने तो सरकवतात. आकडे वेगळे ठेवता येतात, प्रमाण तेच.

वाट किती वेगाने बदलते यावरही सगळं अवलंबून आहे. आमच्या लिंकचा खड्डा भरायला दहा-वीस मिनिटं लागतात, रेडिओला सावध व्हायला भरपूर वेळ आहे. त्याउलट नागपूर मेट्रोच्या अॅक्वा लाइनवर ताशी ६० किलोमीटरने जाताना १८०० मेगाहर्ट्झवरचा फोन घ्या. डॉप्लर, म्हणजे वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक, १०० हर्ट्झ; वाट सुमारे ४ मिलिसेकंदांत बदलून जाते. फोनने स्थिती मोजून टॉवरला कळवेपर्यंत आणि टॉवरने त्यानुसार पाठवेपर्यंत ती माहिती शिळी झालेली असते. तिथे यंत्रणा प्रत्येक खड्ड्यामागे धावत नाही, सरासरी धरून चालते आणि उरलेलं पुन्हा पाठवून निभावते. मेट्रोत फोनवर वेग कमी दिसला म्हणून फोनला दोष देऊ नये.

रेट खाली आल्यावर कॉल का तुटतो, हे शोधायला मला सर्वांत उशीर लागला. २६ एमबीपीएस म्हणजे एका कॉलसाठी कितीतरी जास्त. गोची रांगेत होती. रेडिओच्या आत १,००० पॅकेटांची रांग. १,५०० बाइटचं पॅकेट धरलं तर १ कोटी २० लाख बिट. १३० एमबीपीएसला ही रांग सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात रिकामी होते. १३ ला जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो. वेग दसपट घटला आणि रांग तेवढीच राहिली, की कॉलचं पॅकेट सेकंदभर मागे उभं राहतं आणि पलीकडच्या माणसाला आवाज यंत्रासारखा ऐकू येतो. राउटरवर एफक्यू-कोडेल (रांग लहान ठेवून प्रत्येकाला पाळीपाळीने पुढे सोडणारी पद्धत) लावलं आणि वेगाची मर्यादा वाईट पहाटेच्या टिकाऊ रेटपेक्षा किंचित खाली बांधली, म्हणजे रांग रेडिओत न साचता राउटरमध्ये साचते आणि तिथे कॉलला पुढे जाता येतं. एवढं पहिल्याच वर्षी केलं असतं तर लिंक नाचत असतानाही निम्म्या तक्रारी आल्या नसत्या.

तुमचा बिघाड वेगळ्या वेळी होत असेल तर कारणही वेगळं शोधा. रात्री आठ ते अकरा रेट पडतो, सिग्नल जागेवर आहे आणि नॉइज −९५ वरून −८५ वर आला आहे: शेजारपाजारचे रेडिओ आणि घराघरांतले राउटर. इथे चॅनल बदलणं खरंच उपयोगी. मे महिन्यात दुपारी दोन-चारला रेट पडतो आणि सिग्नल, नॉइज दोन्ही ठीक: गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात रेडिओ भाजतो आहे. आपल्याकडे सावलीतच ४५ अंश असतात, डब्यात किती ते हात लावला की कळतं. तापलेला पॉवर अॅम्प्लिफायर सिग्नल वाकडा करतो, आणि ६४-क्वामच्या खेटून बसलेल्या ठिपक्यांना वाकडेपणा चालत नाही. अशा वेळी पॉवर दोन-तीन डीबी कमी करून बघा. मॉड्युलेशन वर जाताना दिसेल. पोरांना हे पटत नाही, करून दाखवावं लागतं. डबा काढून टाका, पांढरी सावली द्या.

पावसात पडत असेल तर आधी फ्रीक्वेन्सी बघा. ५.८ गिगाहर्ट्झवर आपला मुसळधार पाऊसही ९ किलोमीटरला दोन-चार डीबीच्या वर सहसा खात नाही. त्याहून जास्त पडझड झाली तर कनेक्टरमध्ये पाणी शोधा. १८ किंवा २३ गिगाहर्ट्झच्या लिंक मात्र जोराच्या सरीत किलोमीटरमागे कित्येक डीबी गमावतात. तिथे पावसात खाली येणारं मॉड्युलेशन म्हणजे यंत्र बरोबर चालल्याची खूण. वर्षागणिक हळूहळू सिग्नल घटत असेल तर मधलं झाड वाढलं आहे का ते पाहा. आमच्या लिंकला मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची (सरळ रेघेभोवती सिग्नलला मोकळी लागणारी जागा) त्रिज्या ११ मीटर येते, त्यातला साठ टक्के तरी मोकळा हवा. आणि संक्रांतीनंतर एकदा डिशच्या मागचा मांजा काढायला जरूर चढा, तो केबलचं आवरण कापतो.

या जानेवारीत मी पुन्हा एकदा पहाटे गच्चीवर बसलो. ५.२० ला खालची डिश −८० ला गेली, वरची −६१ ला उभी. रेट ६५, तिथेच स्थिर, पुढची पंचवीस मिनिटं. ७.४० ला पुन्हा तसंच. त्याच वेळी पलीकडून पोराचा फोन आला. "भाऊ, हजेरीचं मशीन लागलं. सगळ्यांचे अंगठे गेले." मी उतरण्याआधी पाइपवर दोन्ही क्लॅम्पच्या खाली ऑइल पेंटने खूण केली, आणि शेजारी त्या दिवशीची तारीख आणि पाण्यापासूनची उंची लिहिली. पुढे कुणाला डिश सरकवायची वेळ आली तर त्याने आधी हे आकडे वाचावेत.